येरवड्याहून मस्तानीच्या थांब्यापर्यंत

प्रवास म्हटला की थांबा आलाच. एसटीने गावी जाताना गाडी कुठे चहाला थांबणार, तिथला वडा बरा की भजी बरी, हे आपल्या घरातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. मोटारसायकलवाल्यांचेही तसेच. गाडी तापते, पाठ अवघडते, घसा कोरडा पडतो आणि डोळे रस्त्याच्या कडेला सावली शोधू लागतात. थांब्यावर पोटात काय पडले हे माणूस चार दिवसांत विसरतो. पण तिथे आपल्याला कसे बसवले, पाणी कशातून दिले, हे तो जन्मभर विसरत नाही.

बाबासाहेबांच्या लहानपणचा प्रवास वाचकांना माहीत आहेच. 1901 सालची गोष्ट. ते, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली होती. मसूरच्या स्टेशनवर उतरली तेव्हा न्यायला कोणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांच्या हाती पडले नव्हते. जात कळल्यावर बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, या अटीवर. शिदोरी बरोबर होती, भूक लागली होती. पण वाटेत प्यायला पाणी कोणी दिले नाही, म्हणून ती लेकरे उपाशीच निजली. बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींच्या लिखाणात हा प्रसंग पहिल्या क्रमांकाने लिहून ठेवला आहे.

त्यापुढे आमचा प्रवास तो काय! येरवड्याहून सदाशिव पेठ, जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. 14 एप्रिलची धामधूम उरकल्यानंतरच्या रविवारी आम्ही दोन मोटारसायकलींवर चौघे निघालो. एका गाडीवर आम्ही आणि मागे आई, दुसऱ्या गाडीवर धाकटा भाऊ आणि त्याच्या मागे आमची सातवीतली मुलगी. ठरवले होते एवढेच, की आईला एकदा मस्तानी पाजायची. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. पंचावन्न वर्षे ती येरवड्यात राहते. मंडईला, तुळशीबागेला ती शेकडो वेळा गेली असेल. पण पेठेतल्या एखाद्या दुकानात खुर्चीवर बसून तिने कधी काही खाल्ले-प्यालेले आम्हाला आठवत नव्हते. तिलाही आठवत नव्हते.

बंधारा आणि बर्फ

येरवडा म्हटले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, तुरुंग आणि वेड्यांचे इस्पितळ. आपल्या लोकांना तिसरी आठवते. 24 सप्टेंबर 1932 रोजी याच तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या. पण आम्ही राहणारे लोक येरवडा ओळखतो तो नागपूर चाळीने, लक्ष्मीनगरच्या चढाने, पहाटे कामावर निघणाऱ्या बायकांच्या घोळक्यांनी. तिथून पर्णकुटीच्या चौकात उतरून आलो की मुळा-मुठेवरचा बंडगार्डनचा पूल लागतो. पुलावरून बंधारा दिसतो. आमच्या मुलीने विचारले, हा कोणी बांधला? बांधला मजुरांनी, पण पैसा दिला सर जमशेटजी जीजीभाई या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पुण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी त्यांनी मोठी देणगी दिली, त्यातून हा बंधारा उभा राहिला.

आता गंमत पाहा. आइस्क्रीमच्या इतिहासातही याच जमशेटजींचे नाव येते. आपल्याकडे त्या काळी बर्फ तयार होत नव्हता. 1833 साली अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचे जहाज गोठलेल्या तळ्यांतून कापलेला 180 टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचले. वाटेत वितळून शंभर टनांच्या आसपास उरला होता, तरी लोक तो पाहायला लोटले. पुढच्या वर्षी मुंबईलाही बर्फ येऊ लागला. तेव्हा जमशेटजींनी आपल्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले, आणि यजमानांना नि पाहुण्यांना सर्दी झाली म्हणून वर्तमानपत्रात टीका झाली, असे मुंबईच्या जुन्या आठवणींत सांगतात. म्हणजे आइस्क्रीम हे पहिल्यांदा शेठ-सावकारांच्या आणि साहेबांच्या टेबलावर आले. समुद्रापलीकडून आलेली ती चैन होती.

पुढे यंत्रावर बर्फ तयार होऊ लागला, ठिकठिकाणी बर्फाचे कारखाने निघाले, आणि बर्फ ही वाहून नेण्याची वस्तू झाली. वाहून नेणारे अर्थातच आपल्यासारखे लोक. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, साठच्या दशकात हातगाडीवर बर्फाच्या लाद्या ओढत. लादीवर लाकडाचा भुसा, त्यावर गोणपाट. उन्हाळ्यात दुपारच्या आत माल पोचला नाही तर लादी गळून हलकी होई आणि पैसे कापले जात. म्हणून ते धावत गाडी ओढत. खांद्यावरून लादी उतरवताना पाठीवर गार पाण्याचे ओघळ येत, आणि तळपायाला डांबराचे चटके बसत.

शहरातल्या एका दुकानात ते रोज लादी टाकत. आत त्या बर्फावर सरबते होत, आइस्क्रीमचे पॉट फिरत. आबांना तहान लागली तर मागच्या दारी कोनाड्यात एक जर्मनचा पेला ठेवलेला असे. त्यात वरून पाणी ओतले जाई. प्यायल्यावर पेला त्यांनीच धुवून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. काही दिवसांनी आबांनी तिथे पाणी पिणेच सोडून दिले. घरून बाटली नेऊ लागले. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही. आईने सांगितली, तीही ते गेल्यावर.

पुतळ्यापासून फुले वाड्यापर्यंत

पुणे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्याला अजून जयंतीचे हार होते. गाड्या बाजूला लावून आम्ही वंदन केले. तिथून पुढे नाना पेठेची गर्दी. पंक्चरची दुकाने, लोखंडी कपाटे, हातगाड्या, टेम्पो यांतून वाट काढत गंज पेठेत महात्मा फुले वाड्यावर गेलो. ऊन चढले होते, पण वाड्याच्या अंगणात गार वाटले.

जोतिबांनी 1868 साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपते. त्या एका ओळीचा अर्थ पुण्यात उभे राहिल्यावर कळतो. याच शहराबद्दल बाबासाहेबांनी 1936 साली जातिनिर्मूलनावरच्या भाषणात लिहिले आहे, की पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून वावरावे लागे. पेशवाई 1818 साली संपली, आणि पन्नास वर्षांनी त्याच गावात एक माळी कुटुंब आपल्या हौदावर या म्हणून सांगते! आमची मुलगी म्हणाली, "हौद तर प्रत्येकाच्याच घरी असेल, मग बाकीच्यांनी का नाही उघडले?" आम्ही तिला म्हटले, हाच प्रश्न वर्गात बाईंना विचार.

वाड्यावरून मंडई जवळच. 1886 साली ही इमारत 'रे मार्केट' म्हणून सुरू झाली; आज ती महात्मा फुले मंडई आहे. मंडईच्या मागेपुढे आंब्याच्या पेट्या उघडल्या होत्या. गवताचा आणि पिकल्या फळाचा वास एकत्र आला की पुण्यात मस्तानीचा हंगाम आला असे समजावे.

मस्तानी म्हणजे काय

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. मस्तानी हे प्यायचे की खायचे, असा वाद नेहमी होतो. दोन्ही. थंड, दाट दूध, त्यात आंब्याचा, सीताफळाचा, गुलाबाचा, केशराचा किंवा आवडेल तो स्वाद. ते उंच ग्लासात ओतायचे, आणि वर आइस्क्रीमचा भला मोठा गोळा ठेवायचा. त्यावर काजू-बदामाचे काप. आधी चमच्याने वरचे खायचे, मग खालचे प्यायचे. घाई केली तर गोळा ग्लासाबाहेर येतो. लहान मुलांच्या हाती ग्लास देण्यापूर्वी हे सांगावे.

पुण्यात मस्तानीची जुनी ठिकाणे दोन-चार आहेत. तुळशीबागेत कावरे यांचे कोल्ड्रिंक पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहे. खरेदीला आलेल्या बायका-मुलांचा तो ठरलेला थांबा. सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीच्या चौकात कोंढाळकर कुटुंबाचे 'सुजाता मस्तानी' आहे, 1968 पासूनचे. आज त्यांच्या शाखा शहरभर आणि शहराबाहेरही झाल्या आहेत. तरी मूळ जागी जाऊन पिण्याची मजा वेगळी, असे लोक मानतात आणि लांबून गाड्या काढून येतात. रविवारी संध्याकाळी चौकात दुचाकींची ही गर्दी असते. कॉलेजची मुले, नवी जोडपी, कडेवर मूल घेतलेल्या आया, एका गाडीवर बसून एकाच ग्लासात दोन चमचे घातलेले मित्र.

नावाचा उगम काय? बाजीरावांच्या मस्तानीवरून पडले, असे बहुतेक लोक समजतात. कोणा गिऱ्हाइकाने पहिला घोट घेऊन "मस्त!" म्हटले, त्यावरून पडले, असेही ऐकायला मिळते. पहिली समजूत खरी मानली तर त्यात एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. मस्तानीला पेशव्यांच्या घरात सुनेचा मान मिळाला नाही. तिच्या मुलाची मुंज ब्राह्मणांनी होऊ दिली नाही. तोच समशेर बहादूर पुढे 1761 साली पानिपतावर लढला आणि त्याच जखमांनी मेला. शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला मस्तानीचे नाव आहे. जिला घराने पंगतीला घेतले नाही, तिच्या नावाने आज त्याच पेठांत रांगा लागतात. काळ कोणाला कुठे नेऊन बसवतो!

आईचा ग्लास

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले असतील. गाड्या लावायला जागा मिळेपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. सदाशिव पेठेत एकेरी रस्त्यांचा हिशेब चुकला की दुकान समोर दिसत असून लांबचा वळसा पडतो. आत बसायला थोडे थांबावे लागले. आई बाहेरच कडेला उभी राहिली. पदर सारखा केला, चपला पुसल्यासारख्या केल्या आणि म्हणाली, "तुमी जाऊन या रं. मी हितंच उभी ऱ्हाते. मला काय भूक न्हाई."

भूक लागली म्हणून कोणी मस्तानी पीत नाही, हे तिलाही माहीत होते. भावाने तिचा हात धरला आणि आत नेऊन बसवले. खुर्चीच्या अगदी टोकाशी ती बसली, कोणीतरी उठवणार आहे अशा तयारीने.

आंब्याची मस्तानी आली. आईने ग्लास दोन्ही हातांनी धरला. पहिल्यांदा त्याचा गारवा तळव्याला लावून घेतला, मग तो गालाला लावला. नंतर चमच्याने थोडेसे तोंडात घातले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुज्या आबानं येवढा बरफ वाढला... चव कशी आसती त्ये कदी सांगितलं न्हाई." आम्ही काही बोललो नाही. शेजारच्या टेबलावर एक आजोबा नातवाच्या शर्टावर सांडलेले पुसत होते. आमच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. तेच बरे होते.

ग्लास रिकामा झाला. आई ग्लास घेऊन उठली आणि इकडेतिकडे पाहू लागली. आम्हाला वाटले, हात धुवायचे असतील. तिने हळूच विचारले, "ह्यो गिलास कुठं धुवायचा?"

टेबले पुसणारा पोरगा तिथेच होता. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याने ऐकले आणि सहज म्हणाला, "राहू द्या आजी, ठेवा तिथंच." त्याने तिच्या हातून ग्लास घेतला, आमचे तीन ग्लास त्यात अडकवले, शेजारच्या आजोबांचे दोन उचलले आणि सगळे एकत्र आत नेऊन ठेवले. आई तो ग्लास आत जाईपर्यंत पाहत राहिली. मग पुन्हा खुर्चीवर बसली. या वेळी पाठ टेकून.

पर्वतीच्या पायथ्याशी

"आजी ग्लास का धुवायला निघाली होती?" असे मुलीने गाडीजवळ येताच विचारले. रस्त्यात उभे राहून सांगण्यासारखे ते नव्हते. म्हणून गाड्या पर्वतीकडे वळवल्या. पेठेतून पाच-दहा मिनिटांचा रस्ता. वर जाण्याचे काम नव्हते. 1956 नंतर देवळाच्या पायऱ्यांशी आपला तो संबंध उरलेला नाही. पण त्या 103 पायऱ्यांशी आपल्या माणसांचा एक जुना हिशेब आहे, तो मुलीला सांगायचा होता.

13 ऑक्टोबर 1929 रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदी कार्यकर्त्यांनी या मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. एस. एम. जोशींसारखे सवर्ण तरुणही त्यात होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, माणसे जखमी झाली, तरी दरवाजा उघडला नाही. त्याआधी दोन वर्षे, 20 मार्च 1927 रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीने प्याले होते. हे पाणी प्यायल्याने आम्ही अमर होणार नाही आणि न प्यायल्याने मरत होतो असेही नाही. आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला आम्ही आलो, अशा अर्थाचे त्यांनी त्या वर्षी महाडला सांगितले. मुलीला आम्ही म्हटले, मस्तानीचेही तसेच समज. ती प्यायली नाही म्हणून कोणी मरत नाही.

मग तिला आबांच्या जर्मनच्या पेल्याची गोष्ट सांगितली. आई शेजारी पायरीवर बसून ऐकत होती. मधेच एखादा शब्द दुरुस्त करत होती.

"पण तेव्हा कायदा नव्हता?" मुलीने विचारले. होता. हीच तर सांगण्याची गोष्ट आहे. 26 जानेवारी 1950 पासून संविधान लागू आहे. त्याच्या कलम 15 च्या दुसऱ्या भागात विहिरी, तळी, स्नानघाट यांच्याबरोबर दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. तिथे जातीवरून कोणाला अडवता येत नाही. या कलमावर संविधान सभेत 29 नोव्हेंबर 1948 रोजी चर्चा झाली. दुकान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी उत्तर दिले, की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. मागेल त्याला सेवा देण्याची जिथे मालकाची तयारी आहे, ते दुकान. आणि दुकानात पाऊल ठेवू देणे एवढाच या शब्दाचा अर्थ नाही. ठरलेल्या अटींवर सेवा मिळणे हाही त्यात आला.

हे उत्तर नीट वाचण्यासारखे आहे. ज्याला मसूरच्या वाटेवर लहानपणी पाणी मिळाले नाही, त्यालाच हे सुचले, की उंबरठा ओलांडू दिला म्हणजे झाले असे नाही. आत घेऊन कोपऱ्यात उभे करता येते, वेगळा पेला देता येतो. म्हणून 1955 च्या अस्पृश्यता निवारणाच्या कायद्यात पुढचे पाऊलही लिहिले गेले. उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरायला मज्जाव करणे, हा गुन्हा ठरला. 1976 मध्ये त्या कायद्यात सुधारणा झाल्या आणि नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव त्याला मिळाले. भांडे, पेला, ग्लास हे शब्द कायद्याच्या पुस्तकात यावेत, यासाठी किती पिढ्यांची तहान खर्ची पडली!

आबांचा जर्मनचा पेला मात्र 1955 नंतरचा होता. कायदा पुस्तकात आला, पण कोनाडा रिकामा व्हायला वेळ लागला. देशातल्या काही खेड्यांत चहाच्या टपरीवर वेगळे कप ठेवल्याच्या बातम्या आजही वाचायला मिळतात. आणि जिथे कोनाडा गेला, तिथे सवय मागे राहते. आईला त्या दुकानात कोणी ग्लास धुवायला सांगितले नव्हते. कोणाच्या मनातही नव्हते. तिच्या हाताला ती सवय होती. कायदा दुकानदाराचा हात धरू शकतो. आईच्या हातातली भीती काढायचे काम कायद्याचे नाही. ते तिच्या लेकरांचे आहे.

घरच्यांसाठी चार गोष्टी

आता व्यवहाराचे. आज आपल्या माणसाला अशा दुकानात जायला अडवतो तो बहुधा खिसा. चौघांसाठी चार ग्लास म्हणजे रोजंदारीवरच्या घराला विचार करावा लागतो. दर फलकावर लिहिलेले असतात, ते आधी वाचावेत, लाजू नये. ग्लास मोठा असतो, दोघांत एक सहज पुरतो. आम्हीही दोघांत एक घेतला असता, पण आईचा ग्लास तिचा एकटीचा असावा, असे वाटले आणि मग सगळ्यांचेच वेगळे घेतले. महिन्यातून नाही, वर्षातून एकदा गेले तरी चालते.

गाडी नसेल तरी अडत नाही. येरवड्याचे मेट्रो स्थानक 2024 मध्ये सुरू झाले. जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलली की मंडईला उतरता येते. तिथून तुळशीबाग आणि सदाशिव पेठ पायी जाण्याजोगी. मोटारसायकलने गेलात तर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्या, आणि एका गाडीवर तिघे बसू नका. वृद्ध माणूस मागे असेल तर खड्ड्यांवर वेग कमी करा. रविवारी संध्याकाळची गर्दी टाळून दुपारी तीन-चारला पोचावे.

घरीही मस्तानी होते. अर्धा लिटर दूध आटवून गार करावे, त्यात वाटीभर आंब्याचा रस आणि चवीपुरती साखर घालून घुसळावे, ग्लासात ओतून वर आइस्क्रीमचा गोळा ठेवावा. आइस्क्रीमही घरी करायचे असेल तर जुना पॉट हवाच असे नाही. मोठ्या पातेल्यात फोडलेला बर्फ आणि खडे मीठ थरावर थर घालावे. बर्फ तीन-चार वाट्या तर मीठ एक वाटी. त्यात झाकणाचा स्टीलचा डबा ठेवून आत दूध-साखर-रसाचे मिश्रण घालावे, डबा सारखा फिरवत राहावा आणि मधूनमधून कडेचे खरवडून ढवळावे. मीठ आत जाणार नाही एवढी काळजी घ्यावी. मुलांना हे करताना जवळ बसवावे, कारण यात शास्त्र आहे. मिठामुळे बर्फ शून्य अंशालाही घट्ट राहू शकत नाही; तो वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. मीठ-बर्फाचे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत थंड होऊ शकते. म्हणून दूध गोठते.

परतताना संगमवाडीच्या बाजूने नदीवर वारा सुटला होता. आईने मागून आमच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि शेजारच्या बाईला काय सांगायचे याची तयारी ती मोठ्याने करत होती. काय सांगणार होती? तर आंबा अस्सल होता, बदाम कमी होते, आणि ग्लास त्यांचा त्यांनीच उचलला.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात असे एखादे माणूस आहे, ज्याने गावाला पाणी पाजले, बर्फ पोचवला, रस्ते झाडले, भांडी घासली, आणि स्वतः कधी टेबलाशी बसले नाही. उन्हाळा संपायच्या आत त्या माणसाला गाडीच्या मागच्या सीटवर बसवा. सदाशिव पेठ लांब असेल तर आपल्या गावच्या चौकातले आइस्क्रीमचे दुकानही चालेल. खुर्चीत नीट पाठ टेकून बसायला सांगा. आणि उठताना ग्लास टेबलावरच ठेवायला सांगा.